आधी पाणी घे, सगुणाबाय

—नाय नाय, आत नको. आज आत नको जाऊस. आधी बस इथं. अगं बस म्हणतोय ना, बाकडं पुसलंय मी मघाशीच, तुझ्यासाठीच पुसलंय. पाटी उतरव डोक्यावरची— थांब, मी हात लावतो— अरे देवा, ही तर भरलेलीच आहे! मांदेली, बोंबील, सगळं जसंच्या तसं. म्हणजे कोलशेतच्या टॉवरात गेलीच नाहीस तू? गिऱ्हाइकाला पाठ दाखवून सरळ इकडं? बर्फ पाणी होऊन गळतोय बघ. ठेव सावलीत, भेंडीच्या झाडाखाली. कावळे? कावळ्यांना मी बघतो. सिलूबाबा म्हातारा झाला म्हणून काय कावळे पण ऐकायचे नाय त्याचं? हसतेस. हस. हसलीस ते बरं केलंस.

गेटला कुलूप मीच लावलंय. दुसरं कोण लावणार? पिंजरे धुतले ना आज सगळे, औषध मारलंय, जंतूंचं, त्याचा वास डोक्यात चढतो, तुला सोसायचा नाय. वाळू दे जरा. कुत्र्यांच्या डॉक्टरबाई पण नायत. दक्षता मॅडम गं, ती बारकी, चष्म्यावाली, तुला 'मावशी' बोलते ती. बाहेर गेलीये. कुठं गेलीये ते सांगतो मग. सगळं सांगतो, मला काय घाई आहे, आणि तुला तरी काय घाई आहे, मासे तर तू विकायलाच नेले नाहीस. हे घे— पाणी घे. माठातलं आहे, सकाळीच भरलाय. घे की. बरं, नको तर नको, इथं ठेवतो पेला तुझ्या बाजूला. उन्हातनं आलीयेस, जरा दम घे नि पी.

हात दाखव. उजवा. अगं दाखव, मी काय डॉक्टर आहे लाजायला? हे काय बांधलंयस? चुना नि हळद. परत चुना नि हळद! सगुणाबाय, तुला त्या दिवशी बोललेलो ना मी, साबण लावून नळाखाली धर, धर, धरून ठेव, आणि दवाखान्यातनं सुई घेत जा. पहिली घेतलीस, तेव्हा तो टॉवरचा वॉचमन तुला घेऊन गेलेला, खरं ना? आणि त्याच्या पुढची? मान नको हलवूस, मला मानेतलं काय कळत नाय. घेतली का नाय घेतली? नाय. आणि त्याच्या पुढची काल होती, ती? ती पण नाय.

का गं बाय.

का ते मला ठाऊक आहे. तू नको सांगूस, मीच सांगतो. तुला वाटतं सुई घेतली की बांगड्याला, तुझ्या कुत्र्याला, पिसाळलेला ठरवल्यासारखं होतं. तूच जर सुया टोचून घेतल्यास तर टॉवरवाले बोलणार, बघा, मासेवालीला पण ठाऊक आहे कुत्रा पिसाळलाय, आणि मग ते त्याला परत गल्लीत घेणार नायत. बरोबर? आणि दुसरं पण एक कारण आहे, ते माझं आहे. मी बोललेलो तुला. इथंच, ह्याच बाकड्यावर. तू कुत्रं धरायच्या गाडीच्या मागं रिक्षानं आलेलीस, हाताला फडकं, फडक्यातनं रक्त, आणि तुला रक्ताचं काय नाय, तू आपली 'माझा बांगडा, माझा बांगडा' करत ह्या गेटाला लटकलेलीस. काय बोलणार माणूस अशा वेळी? मी बोललो, रडू नको, त्याला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवतात, नजरेखाली ठेवतात, काही दिवस धड राहिला, खाल्लंन-प्यालंन, तर तुला पण भय नाय नि त्याला पण नाय. मॅडमच्या तोंडून ऐकलेलं मी, तसंच्या तसं सांगितलं. पण मॅडम त्याच्या पुढं अजून बोललेली. कुत्रा जगो का मरो ते नंतर, सुया आधी. ते मी सांगितलं नाय तुला. तुला बरं वाटेल तेवढंच सांगितलं. आणि तू तेवढंच घेतलंस नि रोज यायला लागलीस, डब्यात भात नि माशाची डोकी घेऊन, जाळीतनं बघायचीस, तो दिसला की खूश होऊन घरी. आजाऱ्याला बघायला येतेस असं मला वाटायचं. तू तर सुयांच्या बदल्यात त्याला बघत होतीस, बाय.

पाणी घे ना.

कोणाची वाट बघतोय? अगं, फ्रँकलिनला बोलावलंय. माझा पुतण्या, रिक्षा चालवतो, तू बघितलंयस त्याला, कानात बाळी घालून फिरतो तो. माजिवड्याला अडकलाय, मघाशी फोन आलेला— मेट्रोचं काम, पुलाखाली गाडीला गाडी लागलीये बोलतो. येईल. कशाला म्हणजे? माझं काम आहे जरा, सरकारी हॉस्पिटलात. गुडघे. हां, गुडघेच. तू पण चल बोलतो मी, दोघं जाऊ, सोबत होईल म्हाताऱ्याला.

बघ, तुला गंमत सांगतो. हे सगळं आधी कोंडवाडा होतं. कुत्र्यांचा नाय, गुरांचा. ही भिंत बघ, ही तेव्हाची, दगडाची, बाकीचं सगळं नवीन. हायवेवर म्हशी फिरायच्या, बैल फिरायचे, कुणाच्या वाफ्यात शिरायचे, की आणा धरून नि घाला आत. मग मालक यायचा. मालक आला की मी काय करायचो? त्याला आत घ्यायचो नाय. बोलायचो, बाहेर उभा राहा नि हाक मार. तो भिंतीपलीकडनं हाक मारायचा, आणि आतनं त्याचीच म्हैस तेवढी मान वर करायची. बाकीच्या आपल्या रवंथ करत. की लगेच दावं सोडायचो. कसले कागद नि कसलं काय. एकदा एकजण आला दुसऱ्याचा बैल उचलायला, हाका मारून घसा फुटला त्याचा, बैल ढुंकून बघेना. हसून हसून पोट दुखलं आमचं.

कुत्र्याचं तसं नाय. कुत्र्याला हाक मारायला कोण येतं? कुणी नाय. तू आलीस, एवढ्या वर्षांत तू एकटी. बाकी येतात ते 'परत आणू नका' बोलायला येतात. कुत्र्याचा पत्ता म्हणजे जिथं धरला ती जागा, असा कायदा आहे. गळ्यात चिठ्ठी बांधतात, कुठल्या गल्लीतला, कुठल्या खांबाजवळचा, मग नसबंदीचं ऑपरेशन, मग कानाचा एवढा तुकडा कापतात, ओळख म्हणून, आणि बरा झाला की त्याच गल्लीत, त्याच खांबाजवळ. मी स्वतः गेलोय गाडीबरोबर सोडायला. दार उघडलं की आधी नाक बाहेर काढतात, मग वास घेतात, आणि एकदा आपली जागा कळली ना, की असे उडी मारतात— जसं काय माहेरी आले. माणसांना आवडत नाय ते. बोलतात, खाडीपलीकडं सोडा, विठ्ठलवाडीला सोडा, कुठं पण सोडा. मी बोलतो, विठ्ठलवाडीला काय माणसं राहत नायत?

तुझ्या टॉवरातली ती निशा मॅडम पण आलेली. हो, तीच, जिनं गाडी बोलावली. शिव्या नको देऊस तिला. नको. ऐक माझं— तिची पोर आहे ना शाळेतली, ती रोज त्याच गेटातनं जाते. निशा मॅडमनं बघितलेलं बांगड्याला, तुला चावायच्या आधी दोन दिवस. मोबाइलमध्ये दाखवलंन मला. उभ्या असलेल्या मोटरसायकलचा टायर चावत होता. टायर गं. जसं काय टायरनं त्याचं काही वाकडं केलंय. आणि मग गाडीखाली जाऊन बसलेला, उजेड नको म्हणून. तुला दिसलं नाय ते? दिसलेलं. दिसलेलं ना? आणि तरी तू माशाचं डोकं धरलंस त्याच्या तोंडाजवळ. रोज धरायचीस तसं. आणि बोलतेस काय सगळ्यांना, हाताला बोंबलाचा वास होता, त्याला वाटलं मासाच आहे, चावला नाय तो, दात लागला. चार दात, बाय. लागत नायत असे.

बांगडा. काय नाव ठेवलंयस पण! अंगावर पट्टे म्हणून बांगडा. आमच्या इथली पोरं टॉमी नि टायगरच्या पलीकडं जात नायत. मी त्याला हाक मारायचो जाळीतनं, 'ए बांगड्या', तर शेपटीचं टोक हलवायचा, टोकच फक्त. तुझा आवाज आला की सगळा हलायचा, इथनं तिथनं, पट्टे पण हलायचे. पहिले दोन दिवस. मग—

मग काय. ऊन लागतंय का तुला? सरक इकडं.

पाणी घेतलं नाहीस अजून. असं काय करतेस, विष नाय त्यात. तहान नाय? एवढ्या उन्हाची, एवढ्या लांबनं, डोक्यावर पाटी, तहान नाय बोलतेस? बरं. आवाज असा का येतोय तुझा? बसल्यासारखा. नाय, मला तसं वाटतंय. आज तर ओरडलीच नाहीस गल्लीत, मासे तर इथं आहेत, मग घसा कसा बसला? रडलीस? रात्री रडलीस. बरं, मग असेल. रडल्यावर बसतो. बसतोच. माझा पण बसतो.

मी असा का बघतो? कुठं बघतो? तुझ्या गळ्याकडं? छे गं. मंगळसूत्र बघत होतो, नवीन गाठवलंयस काय?

काय सांगत होतो मी. हां, पिंजरा. सगळ्यांत शेवटचा, भिंतीला लागून, कोंडवाड्याच्या जुन्या भिंतीला. तिथं उजेड कमी. मी त्याला रोज पाणी बदलायचो. मातीचं भांडं दिलेलं, ॲल्युमिनियमचं नाय, त्याचा आवाज होतो नि दचकतात. परवा सकाळी गेलो तर भांडं तसंच. भरलेलं. मी काय केलं, ओतून दिलं नि ताजं भरलं, मला वाटलं शिळं म्हणून प्याला नसेल. काल गेलो, परत तसंच. काठोकाठ. आणि तो त्याच्याकडं बघत बसलेला, अगदी नाक लावून, सगुणाबाय, नाक लावून बसलेला पाण्याला, आणि घेता येत नव्हतं. जबडा असा लोंबलेला. तोंड बुडवायचा आणि झटका बसल्यासारखा मागं यायचा, आणि परत जायचा. तहान लागलेली ना त्याला. मी फडकं ओलं करून काठीला बांधून जाळीतनं—

असं नको बघूस माझ्याकडं.

नाय, म्हणजे, उन्हाचं होतं असं. कुत्रं पीत नाय कधी कधी. जाळीतनं मी लांबच होतो, आम्हाला सगळ्यांना सुया टोचलेल्या असतात दरवर्षी, मला काय होत नाय. बस. बस गं, कुलूप आहे, काय करणार आहेस गेट हलवून? चावी? चावी मॅडमकडं आहे. बरं, माझ्या खिशात आहे. खोटं कशाला बोलू. माझ्या खिशात आहे नि मी देणार नाय. ओढ, ओढ शर्ट, फाडलास तरी देणार नाय. बस खाली. तुझ्या बापाच्या वयाचा आहे मी.

बस. हां.

एक सांगू? हे मी कुणाला सांगत नाय. लुर्दसला पण नाय सांगितलं कधी नीट, माझ्या बायकोला. तुला सांगतो, तू आपल्या इकडची म्हणून. माझा भाऊ होता, फ्लेव्हियन. माझ्यापेक्षा बारका. आमची शेती होती तिथं, आता मॉल आहे बघ, गाड्या लावतात ती जागा. शेताच्या बांधावर कुत्रं आलं कुठलं तरी, पोटरीला चावलं. बारीकच. तेव्हा काय, गावात एक म्हातारा होता, पितळेची थाळी लावायचा पाठीला, मंत्र म्हणायचा, थाळी चिकटली की विष ओढतेय म्हणायचा. थाळी चिकटली. आम्ही सगळे खूश. आणि जखमेवर चुना नि हळद, हेच, तुझ्या हातावर आहे ना, हेच. आणि जखम भरली पण! खेळायला लागला पोरगा. आंब्यांचे दिवस आले, आम्ही विसरलो. आणि मग एक दिवस आई पाण्याचा लोटा घेऊन आली त्याच्यापाशी, आणि तो भिंतीकडं सरकला. आईला वाटलं खेळतोय. ती पुढं, तो मागं. मी हसत होतो. मी पण हसत होतो गं, मला काय ठाऊक. मग त्याचा घसा बघितला मी. पाणी लोट्यात होतं, त्याच्यापास्नं हातभर लांब, आणि त्याचा घसा असा ओढला जात होता, आतनं कुणी दोरी ओढावी तसा. माझा पोरगा तहानलाय, आई बोलत होती, माझा पोरगा तहानलाय, पी रे बाळा. खिडकीतनं वारा आला तरी किंचाळायचा.

पुढचं नाय सांगत.

तेव्हापास्नं मी माणसांच्या गळ्याकडं बघतो. चूक आहे माझी, पण बघतो. मघाशी वारा आला नि तू पदर ओढून घेतलास ना, मला फ्लेव्हियनच दिसला. तू आपली पदर सरळ करत होतीस. करतच होतीस ना? बोल ना. आणि पेला तसाच. काठोकाठ. बघ, मुंगी पडलीये त्याच्यात, बोटानं काढतो— घे. नको? बदलून आणू? ताजं आणतो. बघ, ओतून दिलं. हे ताजं. माठाच्या तळातलं, गार.

पी बाय. मी पाया पडतो तुझ्या.

काय? काय बोललीस? परत बोल, मला ऐकायला कमी येतं— 'पाणी पाजून काय सांगणार आहेस.'

अच्छा. अच्छा, म्हणजे ते ठाऊक आहे तुला. ठाऊक असणारच, आपल्याकडं सगळ्या गावांत तीच रीत, तुमच्या कोळीवाड्यात पण नि आमच्या पाड्यात पण. ज्याच्या घरचं गेलं त्याला दारात उभ्यानं सांगायचं नाय. बसवायचं, पाटी-बिटी असेल ती उतरवायची, चार इकडच्या तिकडच्या गोष्टी काढायच्या, आणि पाणी द्यायचं. तो पाणी प्याला की मग सांगायचं, कारण पाणी पोटात असलं की माणूस आडवा होत नाय म्हणतात. फ्लेव्हियनच्या वेळी आमच्या आईला दवाखान्याच्या पायरीवर पाणी दिलं माझ्या काकानं. तिनं बघितलं पेल्याकडं. आणि एका दमात प्याली सगळं, पेला खाली ठेवला, आणि बोलली, सांग. तिला कळलेलं ना. पाणी बघूनच कळलेलं.

म्हणून पीत नाहीस तू? म्हणून? प्यालीस तर मी सांगेन म्हणून? सगुणाबाय, तुला आमच्या मरीमायची आण, तुमच्या एकवीरा आईची आण, जिची पाहिजे तिची आण— एवढंच आहे का? घशाला काय नाय झालं? ओढ नाय लागत? पाण्याकडं बघून कसंतरी नाय ना होत? तू मला बोल, नाय होत. मोठ्यानं बोल. मला तुझं बोलणं नको, बोलून काय होतं, फ्लेव्हियन पण बोलायचा मला काय नाय झालं. मला पिऊन दाखव.

ऐक. मी नाय सांगणार. बघ, मी तोंड मिटून घेतो. तू पी, आणि मी काही सांगणार नाय तू विचारेपर्यंत. रीत मोडली तर मोडली. मला फक्त तेवढं बघू दे. एक घोट. मी इथं पहाटेपास्नं बसलोय, सगुणाबाय, तुला कसं सांगू म्हणून, आणि तू आलीस नि पाण्याला हात लावला नाहीस, तेव्हापास्नं मला ते सांगायचं काही वाटतच नाय, मला दुसरंच वाटतंय. माझे हात बघ. बघ कसे हलतायत. एवढे तर त्याला उचलताना पण—

बोललो. बोलून गेलो ना.

रडू नको. थांब. थांब, रड, पण थांबून थांबून रड. तो हॉर्न ऐकलास? फ्रँकलिन आला. ए! थांब रे तिथंच! बंद नको करूस रिक्षा! उतरू नको!

सगुणाबाय. पेला घे. उजव्या हातानं नको, दुखेल, डाव्यात घे. हां. मी धरत नाय, तूच धर. सांडलं तर सांडू दे. लाव तोंडाला.

लाव.

हां. हां गं बाय. अजून. हळू, ठसका लागेल. अजून आहे तळाला. हां—

प्यालीस. सगळं प्यालीस.

देवा माझ्या.

दे इकडं तो. आणि आता ऐक, तू बोलली नाहीस 'सांग', पण पेला खाली ठेवलास तसाच आमच्या आईसारखा, म्हणून सांगतो. पहाटे गेला तो. मी गेलो तेव्हा निजलेला वाटला, भांड्याच्या बाजूलाच. शांत होता, तोंड मिटलेलं होतं. मॅडमनं तपासायला पाठवलंय मुंबईला, आता ते त्यांचं काम, आपल्याला माती द्यायला पण नाय मिळत अशा वेळी, ते तू मागू नकोस. पण मॅडमला तपासणीची गरज नाय, तिनं बघितलं नि तिला कळलं. तोच आजार. म्हणून ती हॉस्पिटलात गेलीये, तुझ्यासाठी गेलीये, माझे गुडघे ठीक आहेत. तिथल्या डॉक्टरशी बोलून ठेवलंन, तुझं नाव सांगून ठेवलंन, जखमेच्या बाजूलाच द्यायची एक सुई असते वेगळी, ती पण तयार ठेवायला सांगितलीये. आणि मला बोलली, बाबा, उशीर झालाय पण वेळ गेलेली नाय, तुम्ही फक्त मावशीला आज आणा. आज. उद्या नाय. एवढंच काम दिलं तिनं मला, आणि मी तुला बर्फ नि म्हशी नि बैल सांगत बसलो.

काय बोललीस, 'पिसाळलेला नको म्हणूस त्याला'? मी कुठं म्हणतो? आजारी होता. त्याचा त्यानं नाय आणला आजार, त्याला पण कुणीतरी चावलं असेल, कुठल्या तरी गटाराजवळ, कुणी बघितलं नाय. तुला चावला तो बांगडा नव्हता. बांगडा म्हणजे तो, शेपटी हलवायचा तो. त्याच्यासाठी सुई नाय घेतलीस आजवर, आता त्याच्यासाठी घे. तो गेला. आता गल्लीत परत न्यायचं कुणाला, आणि अडवणार कोण? कुणाची बाजू राखायची राहिली नाय बाय तुला. ऊठ.

ऊठ म्हणतो ना.

पाटी राहू दे. माशांचं मी बघतो, लुर्दसला बोलावतो, ती विकेल गेटावर बसून, तुझ्यापेक्षा चढ्या भावानं विकेल, भांडखोर आहे ती. बर्फ टाकतो वरनं. आणि तो डबा? दे तो इकडं. हां, भात नि डोकी. राहू दे. आत बरेच आहेत खाणारे, पहिल्या पिंजऱ्यात एक काळी आहे, काल ऑपरेशन झालंय, काहीच खात नाय, तिला देतो. तुझ्या हातचं आहे म्हणून सांगतो. डबा धुऊन ठेवीन.

चल, धर माझा खांदा. फ्रँकलिन, पुढं घे जरा. आणि माजिवड्याकडनं नको जाऊस रे गाढवा, आतल्या रस्त्यानं काढ. मॅडम दारात उभी असेल, तिच्या हातात सोपवायची, नुसती सोडून यायची नाय. कळलं? कुठं उतरली, कुठं चहा प्यायला थांबली, असलं नको.

आणि ही बाटली घे, बाय. भरलेली आहे. घे, हातात धर. रस्त्यात पी थोडं थोडं. नाय, आता काय सांगायचं उरलेलं नाय माझ्याकडं, घाबरू नको, आता हे नुसतं पाणी आहे. फ्रँकलिन, तू आरशात बघत जा. प्याली का नाय प्याली, मला फोन कर.

जा आता. जा. मागं नको बघूस, गेट बंदच आहे.